जुना खेळ नव्याने घडवताना

जळगावच्या एका शाळेत दहावीच्या वर्गात आम्ही संभाव्यतेवर बोलायला गेलो होतो. नाणे झाले, फासा झाला. पत्त्यांकडे वळणार तोच मागच्या बाकावर दोघांची जुंपली. ‘शंभरात एक’ म्हणजे नेमके काय, यावरून सुरू झालेला वाद एका व्हिडिओ गेमवर जाऊन पोचला होता. एकाने तो खेळ मामेभावाच्या जुन्या यंत्रावर खेळला होता, दुसऱ्याने त्याच खेळाची नव्याने केलेली आवृत्ती. पहिला म्हणत होता, “सर, नव्या खेळात मेहनतच नाही राहिली.” दुसरा म्हणाला, “मेहनत नव्हती ती, नुसता वेळखाऊपणा होता.”

त्यांना गप्प करून पुढे जाता आले असते. पण या दोन वाक्यांत जो प्रश्न आहे, तो आपल्या सर्वांच्याच रोजच्या कामातला आहे. एखादी जुनी गोष्ट नव्या पिढीसाठी पुन्हा घडवायची, तर तिच्यातली कोणती अडचण ठेवायची आणि कोणती काढून टाकायची? पाठ्यपुस्तक बदलते तेव्हा हाच प्रश्न असतो. प्रयोगाची कृती सोपी करून लिहितो तेव्हाही हाच असतो. म्हणून त्या दिवशी आम्ही पत्ते बाजूला ठेवले आणि त्या खेळाकडे वळलो.

खेळ काय आहे?

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खेळाचे नाव ‘पोकेमॉन’, म्हणजे ‘पॉकेट मॉन्स्टर्स’, खिशात मावणारे राक्षस. आपल्याकडच्या मुलांना तो २००३ च्या सुमारास दूरचित्रवाणीवरील मालिकेतून माहीत झाला आणि डिसेंबर २०१६ मध्ये मोबाइलवरच्या खेळातून अनेकांच्या हातात आला. मूळ खेळ मात्र त्याआधीचा, फेब्रुवारी १९९६ मधला. जपानमध्ये तो ‘गेम बॉय’ नावाच्या हातात धरायच्या यंत्रासाठी निघाला.

खेळाच्या सुरुवातीला एक प्राध्यापक आपल्याला कोरी नोंदवही देतात. रानात, गुहेत, पाण्यात फिरायचे, वेगवेगळे काल्पनिक प्राणी पकडायचे, त्यांना वाढवायचे, दुसऱ्यांच्या प्राण्यांशी त्यांची झुंज लावायची आणि वही भरायची. मूळ खेळात असे १५१ प्राणी होते. सातोशी ताजिरी या खेळकर्त्याचे बालपण तोक्योजवळच्या माचिदा या उपनगरात गेले. लहानपणी त्यांना किडे गोळा करण्याचा नाद होता. पुढे ती शेते आणि तळी इमारतींखाली गेली. किडे शोधण्याचा तो आनंद शहरातल्या मुलांना मिळावा, ही या खेळामागची कल्पना. दोन यंत्रे तारेने जोडता येतात हे पाहिल्यावर त्या तारेवरून एक किडा चालत पलीकडे जातो आहे असे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर आले. त्यातून प्राण्यांच्या अदलाबदलीचा नियम आला. खेळाच्या दोन आवृत्त्या निघाल्या. प्रत्येकीत काही प्राणी मुद्दाम ठेवले नव्हते. वही पूर्ण करायची तर दुसरी आवृत्ती असलेला मित्र शोधावाच लागे.

पुढे जुने खेळ नव्या यंत्रांसाठी पुन्हा घडवले जाऊ लागले. १९९६ च्या खेळाची पुनर्निर्मिती २००४ मध्ये झाली आणि २०१८ मध्ये पुन्हा एकदा. १९९९ च्या खेळाची २००९ मध्ये, २००२ च्या खेळाची २०१४ मध्ये आणि २००६ च्या खेळाची २०२१ मध्ये. प्रत्येक वेळी खेळणाऱ्यांत वाद झाले. त्यांतले चार आपण पाहू.

वाद पहिला : चूक जपायची की सुधारायची?

या खेळात प्राण्यांचे प्रकार असतात. पाणी आगीवर मात करते, आग गवतावर आणि गवत पाण्यावर. म्हणजे सर्वांत बलवान असा कोणी नाही, चक्र फिरत राहते. हे केवळ खेळातले नाही. कॅलिफोर्नियातील एका सरड्यात नरांच्या गळ्याचे रंग तीन असतात : नारिंगी, निळा आणि पिवळा. नारिंगी गळ्याचे आक्रमक नर निळ्यांची जागा बळकावतात. निळे आपल्या मादीवर नीट पहारा ठेवतात म्हणून पिवळ्यांवर मात करतात. पिवळे चोरून शिरतात आणि नारिंगींना फसवतात. तिघांचे प्रमाण वर्षानुवर्षे आलटून पालटून वरखाली होत राहते. हे संशोधन प्रसिद्ध झाले तेही १९९६ मध्येच.

मूळ खेळातले चक्र मात्र एका ठिकाणी अडकले होते. मनःशक्तीचा प्रकार फारच वरचढ झाला होता. भुतांचा प्रकार त्याला भारी पडतो असे खेळातच सांगितलेले होते, पण प्रत्यक्षात भुतांच्या माऱ्याचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नसे. १९९९ च्या खेळात ही चूक दुरुस्त झाली आणि तोल साधण्यासाठी ‘अंधार’ व ‘पोलाद’ असे दोन नवे प्रकार आले.

आता २००४ मध्ये १९९६ चा खेळ पुन्हा घडवताना जुना तक्ता घ्यायचा की नवा? कर्त्यांनी नवा घेतला. त्यावर फारसे भांडण झाले नाही. भांडण झाले ते दुसऱ्याच गोष्टीवरून. एका वटवाघळासारख्या प्राण्याचे पुढचे रूप १९९९ मध्ये तयार झाले होते, म्हणजे १५१ च्या यादीत ते नव्हते. नव्या आवृत्तीत त्या प्राण्याची वाढ मुद्दाम रोखून धरलेली होती. मुख्य कथा संपवून मोठी नोंदवही मिळाल्याशिवाय ते रूप येतच नसे. एक बाजू म्हणाली, हा १९९६ चा प्रवास आहे, तेव्हा जे नव्हते ते मध्येच कशाला? दुसरी म्हणाली, जे आम्हांला ठाऊक आहे ते लपवून काय मिळते?

शिक्षकांना हा पेच नवा नाही. अणू शिकवताना आधी डाल्टनचा गोळा, मग बोरच्या कक्षा आणि त्यानंतरच पुढचे चित्र. नंतर कळलेले सत्य काही काळ बाजूला ठेवणे हे कधी पायरी असते, तर कधी नुसता अडसर. ते कशावरून ठरवायचे, एवढा प्रश्न लक्षात ठेवून पुढे जाऊ.

वाद दुसरा : न लढता अनुभव

प्रत्येक झुंजीनंतर प्राण्याला अनुभवाचे गुण मिळतात आणि त्यावर त्याची पातळी वाढते. संघात सहा प्राणी असतात. समजा एका झुंजीचे ६०० गुण आहेत. २००६ च्या खेळात एकटा प्राणी लढला तर ६०० त्याचे, दोघे मैदानात उतरले तर प्रत्येकी ३००. दुबळा प्राणी वाढवायचा तर त्याला आधी पुढे करायचे, लगेच मागे घ्यायचे आणि बलवानाला पाठवायचे. दोघे उतरले म्हणून दोघांना वाटा. मुले ही युक्ती आपसूक शोधून काढत. (एका प्राण्याला न लढता वाटा देणारी वस्तूही होती, पण ती एकाच प्राण्याजवळ ठेवता येई.)

२०२१ च्या पुनर्निर्मितीत लढणाऱ्याला पूर्ण गुण आणि बाकीच्या पाचांना निम्मे. ही सोय बंद करता येत नाही. हिशेब करा : ६०० + (५ × ३००) = २१००. तेवढ्याच झुंजीत संघाच्या वाट्याला साडेतीनपट गुण. आता समोरच्या खेळाडूंची ताकद तशीच ठेवली तर खेळ सोपा होणार, हे उघड आहे. म्हणजे एक नियम बदलला की त्याला जोडलेले बाकीचे आकडेही पुन्हा मोजावे लागतात. यंत्रातले एक दातेरी चाक बदलून बाकीची तशीच ठेवता येत नाहीत, तसेच हे.

वर्गातल्या दोघांचे भांडण याच नियमावर होते. आम्ही विचारले, “जुन्या खेळात तो वेळ घालवताना तू काय करत होतास?” पहिला म्हणाला, कोणाला कधी पुढे करायचे हे ठरवत होतो. दुसऱ्याने लगेच विचारले, “आणि तेच पन्नासाव्यांदा करताना?” त्यावर पहिला हसला. आमच्या मते वादाची किल्ली इथेच आहे. पहिल्या पाच वेळा ती अडचण विचार करायला लावत होती, पन्नासाव्या वेळी ती फक्त वेळ खात होती. एकच नियम, पण दोन्ही बाजू खऱ्या. म्हणून सोय ठेवा, पण ती बंद करण्याची मुभाही ठेवा, असे अनेक खेळणाऱ्यांचे म्हणणे होते. २०१४ च्या पुनर्निर्मितीत तशी मुभा होती.

वाद तिसरा : गवतात काय आहे ते दिसावे का?

जुन्या खेळात उंच गवतातून चालताना प्राणी दिसत नसत. प्रत्येक पावलाला यंत्र मनातल्या मनात एक अंक काढी आणि तो ठरावीक मर्यादेत आला की अचानक प्राणी समोर येई. २०१४ च्या आवृत्तीत गवतातून प्राण्याची शेपटी किंवा कान डोकावू लागले. जोरात चालले तर तो पळे, हळूहळू गेले तर सापडे. २०१८ च्या आवृत्तीत तर सगळे प्राणी मैदानावर हिंडताना उघड दिसू लागले. ज्याला टाळायचे त्याला टाळता येते, मात्र त्याला आधी झुंजीत दमवण्याचा भाग काढून टाकला. सरळ चेंडू फेकायचा.

सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलांनी यावर मजेशीर मत दिले. खऱ्या रानात काही दिसत नाही असेही नसते आणि सगळे दिसते असेही नसते. माग दिसतो, आवाज येतो, पाला हलतो. त्यांना २०१४ ची रीत सर्वांत खरी वाटली. अचानक प्राणी समोर येण्यात नशिबाचा भाग मोठा. हळू जाण्यात मात्र निरीक्षणाला बक्षीस आहे. नियम बदलला की मुलाचे लक्ष कुठे जाते तेही बदलते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

वाद चौथा : दुर्मीळ किती दुर्मीळ?

आता मूळ भांडणाकडे, ‘शंभरात एक’ म्हणजे काय याकडे येऊ. या खेळात कधीकधी एखादा प्राणी नेहमीपेक्षा वेगळ्या रंगात दिसतो. १९९९ च्या खेळात ही शक्यता ८१९२ मध्ये १ होती. २००९ च्या पुनर्निर्मितीत ती तशीच ठेवली. २०१४ च्या पुनर्निर्मितीत ती दुप्पट, म्हणजे ४०९६ मध्ये १ होती. काहींना हे न्याय्य वाटले, काहींना वाटले की दुर्मीळपणाची किंमतच गेली.

यावर मते देण्याआधी मोजून पाहणे बरे. धुळ्याला शिक्षकांच्या एका बैठकीत आम्ही पुढचा प्रयोग मांडला. त्याला लागतात कागदाच्या चिठ्ठ्या आणि रिकामे डबे. चिठ्ठ्यांवर नावे खान्देशातल्या खऱ्या प्राण्यांची : कोतवाल, वेडा राघू, खंड्या, सातभाई, पिंगळा, वनपिंगळा, सरडा, घोरपड, धामण, मुंगूस, तरस, रोही. घरी अहिराणी, पावरी किंवा भिल्ली बोलीत जे नाव असेल तेही खाली लिहावे.

*डबा १.* बाराही नावांच्या सारख्या चिठ्ठ्या. एक चिठ्ठी काढायची, नोंदवायची, घडी घालून परत टाकायची. बाराही मिळेपर्यंत किती वेळा हात घालावा लागतो? पहिली चिठ्ठी नवीच असते. दुसरे नवे नाव मिळण्याची शक्यता ११/१२, म्हणजे सरासरी १२/११ वेळा. असे करत शेवटच्या एका नावासाठी सरासरी १२ वेळा. सगळ्यांची बेरीज सुमारे ३७ होते. गंमत अशी, की पहिली सहा नावे सुमारे ८ वेळांत मिळतात आणि उरलेल्या सहांना सुमारे २९ वेळा लागतात. संग्रह करणाऱ्याला शेवटी शेवटी का चिडचिड होते, ते या दोन आकड्यांत आहे.

*डबा २.* अकरा नावांच्या पाच-पाच चिठ्ठ्या आणि वनपिंगळ्याची एकच. एकूण ५६. मुलांना वाटते, ५६ वेळा काढली की वनपिंगळा मिळायलाच हवा. पण दरवेळी तो न मिळण्याची शक्यता ५५/५६. ही संख्या स्वतःशीच ५६ वेळा गुणली तर उत्तर येते सुमारे ०.३६. म्हणजे दहा गटांनी प्रत्येकी ५६ वेळा चिठ्ठ्या काढल्या, तर त्यांतले सरासरी तीन-चार गट रिकाम्या हाताने परततात. शंभरात एक असो वा ८१९२ मध्ये एक, तेवढेच प्रयत्न केल्यावर रिकामे राहण्याची शक्यता ३७ टक्क्यांच्या आसपासच असते. त्यांत कोणाची चूक नसते, मेहनतही कमी नसते.

*डबा ३.* दोन गटांना वेगळे डबे. एकात मुंगूस नाही, दुसऱ्यात घोरपड नाही. पण हे आधी सांगायचे नाही. काही वेळाने मुले स्वतःच शेजारच्या गटाकडे जातात. ज्या जादा चिठ्ठ्यांचा कंटाळा आला होता, त्यांना एकदम किंमत येते. एक चिठ्ठी काढून टाकली आणि वर्गात बोलणे सुरू झाले. ताजिरींच्या तारेवरचा किडा तो हाच.

तिन्ही डब्यांत एका वेळी एकच नियम बदललेला आहे. वाद मोजण्याच्या पातळीवर आणायचा तो असा.

डब्यातला वनपिंगळा आणि रानातला

डब्यात वनपिंगळा दुर्मीळ ठेवला त्यामागे कारण आहे. २००२ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी तिथल्या प्राथमिक शाळेतल्या मुलांना काही पोकेमॉनची आणि काही स्थानिक प्राणी-वनस्पतींची चित्रे दाखवली. आठ वर्षांच्या मुलांनी पोकेमॉनपैकी सुमारे ७८ टक्के ओळखले, खऱ्या सजीवांपैकी सुमारे ५३ टक्के. मुलांमध्ये शंभरेक जीव लक्षात ठेवण्याची ताकद आहे, हे यातून दिसले. ती कुठे वळते हा प्रश्न राहिला.

वनपिंगळा हा लहानसा, दिवसाही हिंडणारा घुबडाचा प्रकार. ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने पश्चिम खान्देशात त्याचे काही नमुने गोळा केले. त्या काळी संग्रह म्हणजे पक्षी मारून, पेंढा भरून, चिठ्ठी लावून ठेवणे. १८८४ नंतर तो पुन्हा दिसलाच नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सात नमुने, एवढाच तो उरला. मध्ये रिचर्ड माइनर्टझहागेन याने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला आपण एक मिळवल्याचा दावा केला होता. पामेला रासमुसेन यांनी तपासले तेव्हा तो चोरलेला जुना नमुना निघाला, डेव्हिडसनचाच, नवी चिठ्ठी लावलेला. त्या एका खोट्या चिठ्ठीने शोध घेणारे चुकीच्या जागी जात होते. ती बाजूला ठेवल्यावर खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावे उरली. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांना शहाद्याजवळच्या रानात वनपिंगळा दिसला, ११३ वर्षांनी. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. जुलै १९९८ मध्ये ते नव्या नंदुरबार जिल्ह्यात गेले. पुढे जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्यातही त्याची नोंद झाली.

खेळात दुर्मीळपणा एक माणूस ठरवतो, दुसऱ्या आवृत्तीत तो दुप्पट-चौपट करता येतो. वनपिंगळ्याचा दुर्मीळपणा रान किती उरले आहे त्यावर ठरतो. त्याची पुनर्निर्मिती निघत नाही.

आमच्या वर्गातल्या मुलांनी पुढे स्वतःचा खेळ घडवायला घेतला. नियम असा ठरला, की चिठ्ठी काढली म्हणून प्राणी आपला होत नाही. तो स्वतः पाहायचा आणि तारीख, जागा, वेळ लिहायची, मगच नोंद धरायची. पकडायचे नाही, घरट्याजवळ जायचे नाही. वन्यजीवांना पकडणे १९७२ च्या कायद्यानेही गुन्हा आहे. मग एकाने सुचवले, वनपिंगळा काढूनच टाकू या, तो कोणालाच दिसणार नाही, वही कधीच पूर्ण होणार नाही. पूर्वी सोयीच्या बाजूने बोलणारा मुलगा या वेळी विरुद्ध उभा राहिला. तो म्हणाला, “काढला तर आपण त्याला शोधणारच नाही ना.”

मतदान झाले. वनपिंगळ्याची ओळ वहीत राहिली. ती अजून कोरी आहे. तुमच्या वर्गात मुले काय ठरवतात आणि त्यासाठी कोणती कारणे देतात, ते आम्हांला जरूर कळवा.